आपण आत्ता नेमके कुठे आहोत?

मनीषनगरात राहणाऱ्या माणसाला विमानाचे अप्रूप फार दिवस टिकत नाही. सोनेगावचा विमानतळ इथून सरळ रेषेत तीनेक किलोमीटर. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, की एखादे विमान दिवे लावून खाली उतरताना दिसते. रेल्वे फाटकाशी ताटकळत उभे राहण्याच्या दिवसांत तर गाड्या बंद करून वर बघण्याखेरीज दुसरा उद्योगच नसे. ते विमान कुठून आले हे वेळापत्रकावरून सांगता येते. पण ते कोणकोणत्या गावांवरून आले, कोणती नदी त्याने कधी ओलांडली, हे खालून बघणाऱ्याला ठाऊक नसते; आणि नवल असे, की आत बसलेल्यालाही ठाऊक नसते.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणात गेली. लेव्हल, दांडी, साखळी आणि बेंचमार्क यांच्या संगतीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘आपण नेमके कुठे आहोत’ हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. मुलगी मुंबईला असते, त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा विमानाने जाणे होते. काही वर्षांपूर्वी तळहातात मावेल असा एक जीपीएस रिसीव्हर घेतला आणि तो विमानात खिडकीशी धरायला लागलो. त्यातून प्रश्न निघत गेले. हे यंत्र विमानात चालते का? चालले तर खरे सांगते का? त्याने विमानाला धोका पोचतो का? कायदा काय म्हणतो? आणि ज्याच्या हाती विमानाचे सुकाणू नाही, त्या प्रवाशाने हे सारे जाणून करायचे तरी काय? या प्रश्नांची जी उत्तरे गवसली, ती इथे मांडतो.

ऐकणारे यंत्र

पहिला गैरसमज असा, की जीपीएस यंत्र उपग्रहाशी ‘बोलते’. ते बोलत नाही, नुसते ऐकते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसेक उपग्रह अहोरात्र दोनच गोष्टी सांगत असतात: ‘मी इथे आहे’ आणि ‘माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत’. हा निरोप आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा वेळ लागतो. निरोप निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की त्या उपग्रहाचे अंतर मिळते. तीन उपग्रहांची अंतरे कळली तर ठिकाण सापडायला हवे. पण आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ साधे असते आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. म्हणून चौथा उपग्रह लागतो, तो ही घड्याळाची चूक काढण्यासाठी.

उपग्रहांवरची अणुघड्याळेसुद्धा जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. त्यांचा वेग आणि तिथले क्षीण गुरुत्वाकर्षण या दोहोंचा हा परिणाम. आइन्स्टाइनचे गणित वापरून ही चूक काढली नाही, तर एका दिवसात ठिकाण दहा-अकरा किलोमीटरने घसरेल. म्हणजे मनीषनगरातला माणूस नागपूरच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडेल.

उपग्रहाचा आवाज किती बारीक, याची कल्पना करून पाहावी. त्याची प्रक्षेपणशक्ती घरातल्या जुन्या बल्बएवढी. आपल्यापर्यंत जे पोचते ते असे: एका वॉटचे कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी भाग करा आणि त्यातल्या एकाचे आणखी शंभर. एवढी कुजबुज हे यंत्र ऐकते. म्हणूनच घराच्या स्लॅबखाली ते आंधळे होते आणि विमानाच्या धातूच्या नळीत, मधल्या आसनावर, त्याला काहीच ऐकू येत नाही. या लहरींची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. विमानाची खिडकी तिच्याहून मोठी असते, म्हणून लहरी खिडकीतून आत येतात. खिडकीचे आसन नसेल, तर हे यंत्र पिशवीतच राहिलेले बरे.

कोणती खिडकी?

खिडकी मिळाली तरी आकाश अर्धेच मिळते. सगळे उपग्रह एकाच बाजूला असले, की ठिकाण ढोबळ येते. सर्वेक्षकाला हे नवे नाही. दोन खुणा एकमेकींच्या फार जवळ असतील तर त्यांवरून काढलेला तिसरा बिंदू लडबडतो, हे आम्ही पहिल्या वर्षीच शिकतो.

पण दोन्ही बाजूंच्या खिडक्या सारख्या नसतात, हे मला फार उशिरा कळले. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. त्यामुळे ५५ अंशांच्या उत्तरेला कोणताही उपग्रह डोक्यावर जात नाही आणि नागपूरसारख्या २१ अक्षांशावरच्या गावातून पाहिले तर ठीक उत्तरेला, क्षितिजापासून अर्ध्या आकाशापर्यंत, उपग्रहांवाचून एक रिकामी जागा राहते. ध्रुवतारा असतो त्याच भागात. विमानाची खिडकी आकाशाचा नेमका हाच खालचा भाग दाखवते. म्हणून नागपूरहून मुंबईला जाताना डावी खिडकी घ्यावी आणि येताना उजवी. म्हणजे दोन्ही वेळा दक्षिण समोर राहते. हिवाळ्यात ऊन तोंडावर येते, तेवढे सोसावे.

दुसरी काळजी घरूनच घ्यायची. यंत्राला प्रत्येक उपग्रहाचा पत्ता त्या उपग्रहाकडूनच ऐकून घ्यावा लागतो आणि तो एकदा सांगून व्हायला तीस सेकंद लागतात. सगळ्या उपग्रहांचे मिळून ढोबळ पंचांग ऐकायचे तर साडेबारा मिनिटे. मोबाइल फोन हे सारे नेटवर्कवरून क्षणात उतरवून घेतो. फ्लाइट मोड लावला की ती सोय जाते. बहुतेक फोनमधला जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालू राहतो, पण बिचारा चाचपडतो. शिवाय ताशी आठशे किलोमीटर वेगाने धावताना येणाऱ्या लहरींची वारंवारिता बदललेली भासते, त्यामुळे शोध लांबतो. म्हणून मी निघण्याआधी गच्चीवर यंत्र दहा-पंधरा मिनिटे उघड्या आकाशाखाली ठेवतो. पडद्यावर २१.०९ उत्तर, ७९.०८ पूर्व असे काहीसे आकडे स्थिरावले, की ते विमानात लवकर जागे होते. फोन वापरणाऱ्यांनी नकाशाही आधीच उतरवून ठेवावा, नाहीतर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा सरकताना दिसेल.

काही जण विचारतात, इतक्या उंचीवर आणि वेगात हे यंत्र चालते तरी कसे? क्षेपणास्त्रांत वापरली जाऊ नयेत म्हणून बाजारातल्या यंत्रांना मर्यादा घातलेल्या असतात, हे खरे; पण त्या १८ किलोमीटर उंची आणि ताशी सुमारे १,९०० किलोमीटर वेग अशा परंपरेने आलेल्या. आपली प्रवासी विमाने त्यांच्या पुष्कळ आत असतात.

तीन उंच्या, तिन्ही खऱ्या

यंत्र पहिल्यांदा नीट लागले त्या दिवशी मला वाटले, ते बिघडले. वैमानिकाने पस्तीस हजार फूट सांगितले, म्हणजे १०,६६८ मीटर. जीपीएस त्याहून चारशे-पाचशे मीटर जास्त दाखवत होता. त्याच यंत्रातला हवेचा दाब मोजणारा उंचीमापक मात्र दोन हजार मीटरच्या आसपास घुटमळत होता.

तिघेही खरे बोलत होते. दाब मोजणारा बिचारा केबिनमधला दाब मोजत होता. प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी दाट ठेवतात. वैमानिकाची उंचीही दाबावरूनच काढलेली, पण बाहेरच्या. समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब आणि ठरावीक तापमान असलेले एक प्रमाण वातावरण मानायचे आणि सगळ्या विमानांनी त्याच फूटपट्टीने मोजायचे, असा जगभर संकेत आहे. आपली हवा त्या प्रमाणापेक्षा गरम, म्हणून फुगलेली. त्यामुळे खरी उंची सांगितलेल्या आकड्याच्या वर जाते. याने अपघात होत नाहीत, कारण सगळ्यांची फूटपट्टी सारखीच लांब होते आणि विमानांमधले अंतर राखले जाते. आणि जीपीएस तर हवेला विचारतच नाही. तो भूमितीने उंची काढतो.

त्या भूमितीतही एक गोम आहे. जीपीएसला समुद्र ठाऊक नाही. तो पृथ्वीला एक गुळगुळीत, किंचित चपटा गोल मानतो. प्रत्यक्ष समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे खालीवर होते. आणि जगातला तिचा सर्वांत खोल खड्डा, सुमारे १०६ मीटरचा, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. त्या खड्ड्याचा उतार आपल्यापर्यंत येतो. दख्खनच्या पठारावर खरी समुद्रसपाटी त्या काल्पनिक गोलापेक्षा पन्नास ते शंभर मीटर खाली असते. यंत्राच्या पोटात याची एक सारणी असते, तिच्यावरून ते दुरुस्ती करते.

ही दुरुस्ती तपासायला नागपूरइतकी चांगली जागा दुसरी नाही. सिव्हिल लाइन्सजवळचा झीरो माइलचा खांब हा भारताचा मध्यबिंदू, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि शाळेच्या सहली त्याच श्रद्धेने तिथे जातात. सर्वेक्षकाच्या लेखी त्याची थोरवी वेगळी. ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हेच्या परंपरेतला तो १९०७ सालचा प्रमाण बेंचमार्क आहे आणि त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे, म्हणजे ३११ मीटरला थोडी कमी. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो मैल, लेव्हल आणि दांडी घेऊन, एकेक टप्पा चालत ही उंची इथवर आणली गेली. मी माझे यंत्र त्या खांबाशी नेले, तेव्हा त्याने तीनशेच्या थोडे पुढून सुरुवात केली आणि मिनिटामिनिटाला पाच-सात मीटर खालीवर केले. आकाशातून आलेल्या आकड्यापेक्षा त्या पायी आलेल्या आकड्याला मी मनोमन नमस्कार केला.

हिंगणघाटची कबर

नागपूरहून विमान पश्चिमेकडे वळून वर चढत असते, तेव्हा डाव्या खिडकीतून पन्नासेक किलोमीटरवर, धुरकटात, हिंगणघाट असते. तिथे विल्यम लॅम्टन पुरला आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने एक पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिण हिंदुस्थान मापायला घेतला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत, कन्याकुमारीपासून उत्तरेकडे येत, वीस वर्षांनी तो वऱ्हाड-नागपूरच्या सीमेवर पोचला. नागपूरकडे निघालेला असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयापर्यंत नेले.

लॅम्टन कोन मोजत होता, जीपीएस अंतरे मोजतो. पण दोन्हींचा आत्मा त्रिकोण हाच आहे. त्याच्या त्रिकोणांची टोके डोंगरांवर होती, आताच्यांची आकाशात आहेत. त्याला एक टोक नक्की करायला कधीकधी आठवडे लागत. खिडकीशी धरलेले यंत्र सेकंदाला एक ठिकाण सांगते, आणि त्या एका सेकंदात विमान सव्वादोनशे मीटर पुढे गेलेले असते.

नागपूरच्या आकाशाला मार्ग शोधणाऱ्यांचा आणखी एक इतिहास आहे. १९४९ मध्ये रफी अहमद किडवाई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. मुंबईत रात्री टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याला. होकायंत्र, घड्याळ आणि जमिनीवरून येणारे रेडिओचे इशारे एवढ्या भांडवलावर त्या वैमानिकांना अंधारात सोनेगाव शोधावे लागे. आज माझ्या खिशात त्यांच्यापेक्षा जास्त माहिती आहे, आणि जबाबदारी मात्र काहीच नाही.

ठिकाण चुकते तेव्हा

या माहितीची किंमत काय असते, ते दोन अपघातांवरून कळते. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होते. विमानातल्या दिशादर्शक रेडिओ यंत्रांपैकी एक नादुरुस्त होते. नियंत्रकाने रडारवर पाहून माँ ब्लाँपासून ते पाच मैलांवर असल्याचे कळवले. वैमानिकाची समजूत झाली की पर्वत मागे पडला, आणि तो खाली येत राहिला. पर्वत पुढेच होता. ११७ जण गेले. त्यांत होमी भाभा होते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेले कोरियन विमान आपला मार्ग सोडून पाचशे किलोमीटरहून अधिक भरकटले आणि सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मेली, आणि आपण चुकलो आहोत हे वैमानिकांनाही शेवटपर्यंत उमगले नव्हते. त्यानंतर पंधरवड्यातच अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले, की जीपीएस पूर्ण झाल्यावर सर्वसामान्य वापरासाठी खुले राहील. २००० च्या मे महिन्यात नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूकही काढून टाकली गेली. शंभर मीटरची खोट दहा-वीस मीटरवर आली आणि आपल्या हातातली ही यंत्रे खऱ्या अर्थाने कामाची झाली.

प्रवाशाच्या हातातल्या यंत्राने ती विमाने वाचली असती, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. माझा मुद्दा एवढाच, की आज आपण गंमत म्हणून खिडकीशी धरतो ती सोय जगाला खुली होण्यामागे २६९ माणसांचे मरण आहे. तेव्हा ती शहाण्यासारखी वापरावी.

नियम आणि एक मोठा सापळा

पहिल्याच खेपेला माझ्या हातातले ते ठेंगणे, जाड अँटेनाचे यंत्र पाहून हवाई सेविकेने ते बंद करायला सांगितले. मी केले. तिचे चुकले असे मला आजही वाटत नाही. हजार वस्तूंतली कोणती निरुपद्रवी हे तिने एका नजरेत कसे ओळखावे?

तिच्या शंकेला इतिहासही आहे. नुसता ऐकणारा रेडिओसुद्धा अगदी मुका नसतो. ऐकण्यासाठी तो आत एक स्वतःची लहर निर्माण करतो आणि तिचा थोडा अंश बाहेर झिरपतो. जुन्या धाटणीच्या एफएम रेडिओत ही लहर स्टेशनच्या १०.७ मेगाहर्ट्झ पलीकडे असते. १०० मेगाहर्ट्झचे गाणे लावले तर ती ११०.७ वर जाते. आणि १०८ ते ११२ हा पट्टा विमानाला धावपट्टीच्या रेषेत आणणाऱ्या यंत्रणेचा! विमानात ट्रान्झिस्टर नको, या नियमाचे मूळ इथे आहे. जीपीएस यंत्राची झिरप अगदी क्षीण असते, तरी सरसकट सावधगिरीत तेही अडकले. पुढे विमानांची चाचणी करण्याच्या पद्धती पक्क्या झाल्या. भारतात २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फ्लाइट मोडमधली उपकरणे प्रवासभर वापरायला मोकळीक दिली. फोनमधला जीपीएस याच सवलतीत येतो. वेगळ्या हातयंत्राबद्दल कंपनीकंपनीचे धोरण निराळे असू शकते, म्हणून बसताच विचारावे. आणि ‘नको’ म्हटले तर ठेवून द्यावे. विमानात कप्तानाचा शब्द शेवटचा.

खरा सापळा वेगळाच आहे. हल्ली गिर्यारोहकांकडे जीपीएससारखीच दिसणारी, पण संकटात उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे असतात. ती ऐकतात आणि बोलतातही. दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून असे यंत्र बाळगणे भारतात गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर परदेशी प्रवाशांवर यावरून पोलीस कारवाई झाली. परदेशात दुकानात सहज मिळणारी वस्तू इथे चालत नाही, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. तेव्हा अमेरिकेतून सुटीवर येणाऱ्या आणि सह्याद्रीत भटकायला निघणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांना हे आधीच कळवावे. विकत घेताना प्रश्न एकच विचारायचा: हे नुसते ऐकते, की बोलतेही?

तोतया आणि गगन

ऐकणाऱ्याचा दुबळेपणा असा, की त्याला फसवता येते. इतकी बारीक कुजबुज मोठ्या गोंगाटात बुडवणे सोपे. आणि त्याहून वाईट म्हणजे उपग्रहाचा आव आणून कुणी खोटाच सिग्नल सोडणे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि शहाणीसुरती माणसेही फसली. तसाच हा आकाशातला तोतया. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. प्रवासी विमानात त्यावर उतारा असतो: स्वतःच्या हालचालीवरून ठिकाण काढणारी जडत्वीय यंत्रणा, जमिनीवरचे रेडिओ स्तंभ, नियंत्रकाचे रडार. खिडकीशी धरलेल्या यंत्राला असा कोणी साक्षीदार नसतो. म्हणून त्याचे आणि वैमानिकाचे पटले नाही, तर आपले चुकले असे धरून चालावे.

उलट बाजूने विश्वास वाढवण्याचे कामही झाले आहे, आणि त्यात नागपूरचा वाटा आहे. सूर्यामुळे विद्युतभारित झालेल्या वरच्या वातावरणातून येताना उपग्रहाचा सिग्नल रेंगाळतो. विषुववृत्ताजवळच्या आपल्या पट्ट्यात तर फारच. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या ‘गगन’ या यंत्रणेची पंधरा केंद्रे देशभर बसून जीपीएस ऐकतात. त्यांची स्वतःची ठिकाणे पक्की मोजलेली असल्यामुळे सिग्नल किती चुकला ते त्यांना कळते. ती दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांवरून परत खाली सोडली जाते, आणि सिग्नल विश्वासार्ह नसेल तर काही सेकंदांत तसा इशाराही. या पंधरांपैकी एक केंद्र नागपूरला आहे. २०१५ मध्ये विमान उतरवण्यासाठी गगनला मान्यता मिळाली आणि २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगडला इंडिगोचे एटीआर विमान गगनच्या आधाराने उतरले. जमिनीवर ठाम बसलेल्या बिंदूने आकाशातल्याची चूक सुधारायची! झीरो माइलचा खांब आणि हे केंद्र यांच्यात शंभर वर्षांचे अंतर असेल, पण धंदा एकच.

कारंजा

आता शेवटचा प्रश्न: हे सारे कशासाठी?

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. नकाशावर सरळ रेष ओढली तर ती वर्ध्याच्या उत्तरेने, अमरावती आणि अकोला उजवीकडे ठेवत जाते. पुढे लोणार डाव्या हाताला तीसेक किलोमीटरवर राहते. ते विवर विमानाखाली आले तर आठ सेकंदांत मागे पडेल. मग छत्रपती संभाजीनगर, दक्षिणेला जायकवाडीचे पाणी, आणि घाट उतरण्याआधी उजवीकडच्या खिडक्यांना कळसूबाई. हवाई मार्ग रेषेपासून थोडे इकडेतिकडे होतात, पण गावे हीच. जानेवारीत जाताना यंत्र ताशी साडेसातशे दाखवते आणि येताना नऊशेच्या पुढे; पश्चिमेचा वारा जाताना आडवा येतो, येताना पाठ थोपटतो.

गेल्या थंडीत माझ्या शेजारी एक वयस्क बाई होत्या. मुलाकडे निघाल्या होत्या, विमानात पहिल्यांदाच. हातातली पिशवी घट्ट धरून समोर बघत बसलेल्या. उड्डाणानंतर सतरा-अठरा मिनिटांनी त्यांनी माझ्या यंत्राकडे पाहून हळूच विचारले, “भाऊ, आता कुठं आलो आपन?”

मी पडदा पाहिला. “कारंजा-लाडच्या जवळ. ते खाली दिसते ना, तेच.”

“कारंजा? माह्यं माहेर हाय ते!”

मी उठून त्यांना खिडकी दिली. खाली ऊन पडलेली शेते, समृद्धी महामार्गाची सरळ रेघ, अडाण धरणाच्या पाण्याचा एक चमकणारा तुकडा. गाव म्हणजे मुठीएवढा करडा ठिपका. त्या काचेला कपाळ टेकवून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “लगन झालं तवा बैलगाडीनं निंगालो होतो. दिवस गेला होता पुरा.”

विमान पुढे गेले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नंतर मुंबईपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी विचारत राहिल्या: “आता कोनतं गाव?” मी सांगत राहिलो. पाटबंधारे खात्यातल्या तीस वर्षांत माझ्या मोजणीचा कुणाला इतका आनंद झाल्याचे मला आठवत नाही.

विमानाने प्रवास सोपा केला, पण मधला मुलूख पुसून टाकला. एका गावात आपण दाराआड जातो आणि दुसऱ्या गावात बाहेर येतो. मधे काय होते, कोणाचे माहेर होते, हे कळत नाही. खिडकीशी धरलेले ते यंत्र विमान चालवत नाही, कुणाला वाचवत नाही. ते फक्त मधली गावे परत आणून देते.

आता संध्याकाळी गच्चीवर गेलो आणि पश्चिमेकडून येणारे विमान दिसले, की मी मनाशी मोजतो: अठरा-वीस मिनिटांपूर्वी हे कारंजावर असेल. खिडकीशी कुणी असेल का?